रिव्हॉल्व्हरचं दुसरं सिलिंडर

वर्कशॉपमध्ये दोन एप्रन टांगलेले होते. एक बाबांचा, चामड्याचा, पोटापाशी तेल पिऊन काळा पडलेला. दुसरा व्हर्ना किट्रिजचा, जाड कापडाचा. त्याच्या खिशातून पेन्सिल आणि चॉकलेटचा कागद डोकावत होता. बाबांना जाऊन सहा आठवडे झाले होते. स्पोकॅनच्या कॉलेजात शिकवणारी त्यांची मुलगी नोरीन परीक्षा आटोपून घर आवरायला आली होती, आणि दारात पाऊल टाकताच तिची नजर गेली ती दुसऱ्या एप्रनवर.

"कॉफी गरम आहे," व्हर्ना म्हणाली. "तुझा कप कुठला ते मला ठाऊक नाही गं. हा पाहुण्यांचा घे."

नोरीनने पाहुण्यांचा कप घेतला. इथून तीस पावलांवरच्या घरात तिचा जन्म झाला होता.

व्हर्ना बावन्न-त्रेपन्नची, रुंद हाडाची बाई. सकाळी आणि दुपारी ती शाळेची बस चालवायची आणि मधल्या वेळात, गेली चार वर्षं, आल्डन स्ट्राउडच्या हाताखाली बंदुका दुरुस्त करायला शिकत होती. पहिल्यांदा आली ती नवऱ्याची बिघडलेली रायफल घेऊन. रायफल दुरुस्त झाली, नवरा भलत्याच बाईबरोबर आयडाहोला गेला, व्हर्ना इथेच राहिली. गावात हे सगळे हसत हसत सांगत, व्हर्नासकट.

नोरीनला हसू आलं नव्हतं. अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचेस मांडली होती आणि लोक हातात कागदी बशा घेऊन रांगेनं भेटत होते. बाबांचा पन्नास वर्षांपासूनचा दोस्त गस हाल्व्हर्सन हॅट छातीशी धरून आला तो आधी व्हर्नापाशी गेला. तिचे दोन्ही हात धरून म्हणाला, "आता कसं गं तुझं?" मग वळून नोरीनला म्हणाला, "पोरी, तू तर शिकलीसवरलेली. तू निभावशील."

त्या दिवसापासून ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

लहानपणी ती शाळेतून आली की याच वर्कशॉपमध्ये उंच स्टुलावर बसायची, बाबांच्या उजव्या अंगाला. बाबा डावखुरे. डाव्या बाजूला बसलं की कोपर लागायचं. ते काम करायचे आणि ती त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची: जहाजांच्या गोष्टी, खुनांच्या गोष्टी, पुढे पुढे तर त्यांना न कळणाऱ्या कविताही. अकरा वर्षांची असताना तिने एकदा कानस मागितली होती. "तुझे हात पानं उलटायला आहेत," बाबा म्हणाले होते. ती किती फुशारली होती तेव्हा! सगळ्या वर्गाला सांगितलं होतं. आज त्या स्टुलावर फुलाफुलांची उशी होती, बसून बसून चपटी झालेली, आणि ती नोरीनची नव्हती.

"गिऱ्हाइकांच्या बंदुका अकरा राहिल्या होत्या," व्हर्ना म्हणाली. "सात मी संपवल्या. बाकीच्यांचे मालक विचारायला येऊन जातायत. तुला घाई नाही ना?"

"घाई नाही. मला फक्त बाबांचं रिव्हॉल्व्हर हवंय. बाकी काही नको."

व्हर्नाने हातातला ब्रश खाली ठेवला. "ते ना," ती म्हणाली. थांबली. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिने पाहिलं. "ते मी तुला दाखवते. आत्ता मला बस काढायचीये. आल्यावर बोलू, चालेल?"

ती गेली. बसचा आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत नोरीन थांबली आणि मग तिने खण उघडायला सुरुवात केली. तिसरा खण अडला. तो थोडा उचलून ओढायचा असतो, हे तिला आठवेना. खाली चामड्याचा पट्टा अडकवलेला होता, तो धरून ओढलं की खण उचलला जाऊन सुटायचा. कुणीतरी त्यावर उपाय करून ठेवला होता. तोही व्हर्नानेच.

रिव्हॉल्व्हर पिवळ्या फ्लॅनेलमध्ये होतं. बावीस कॅलिबरची साधी गोळी मारणारं, सहा गोळ्यांचं, नोरीनच्या जन्माच्या वर्षी घेतलेलं. नवव्या वर्षी खडीच्या खाणीत डब्यांवर नेम धरायला ती यावरच शिकली होती. पण फ्लॅनेलमध्ये ते एकटं नव्हतं. त्याच्या शेजारी एक सुटं सिलिंडर होतं, गोळ्या भरायचा फिरता भाग, नवंकोरं, सहा भोकांचं, आणि त्याच्या पुढच्या तोंडावर रिव्हॉल्व्हरच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे ठोकलेले होते: चार, एक, आठ. चापाभोवतीच्या कडीला दोऱ्यानं टॅग बांधलेला होता. वर्कशॉपचा नियमच होता तो. टॅगवाचून कोणतंही हत्यार टेबलावर यायचं नाही. टॅगवर बाबांच्या अक्षरात तीन ओळी होत्या.

मालक: ए. स्ट्राउड.
काम: दुसरं सिलिंडर, बावीस मॅग्नम.
कारागीर: व्ही. किट्रिज.

नोरीनने तिसरी ओळ दोनदा वाचली. साधी बावीस आणि मॅग्नम, दोन्हींना नळी एकच चालते. पण मॅग्नमचं काडतूस लांब आणि अंगानं जाड. साध्या सिलिंडरमध्ये ते शिरतच नाही. म्हणून त्याचं सिलिंडर वेगळं बसवून घ्यावं लागतं. मधला दांडा ओढायचा, एक काढायचं, दुसरं घालायचं: सकाळी खारी मारल्या त्याच हत्यारानं संध्याकाळी कोंबड्यांवर टपलेला कोल्ह्यासारखा कायोटी मारता येतो. एवढं तिला माहीत होतं. गावातल्या निम्म्या लोकांसाठी बाबांनी हे काम केलेलं तिने पाहिलं होतं. स्वतःच्या रिव्हॉल्व्हरला मात्र त्यांनी चाळीस वर्षांत कुणाला हात लावू दिला नव्हता. आईलाही नाही. साफ करायलाही नाही.

आणि कारागीर, व्ही. किट्रिज.

तिने कात्री घेतली आणि टॅग कापून टाकला. जुनं सिलिंडर रिव्हॉल्व्हरमध्येच होतं. नवं तिने फ्लॅनेलमध्ये तसंच ठेवलं, साध्या गोळ्यांची डबी उचलली आणि गाडी काढून खडीच्या खाणीकडे गेली.

पहिल्या दोन गोळ्या नीट गेल्या. तिसरीला गालावर काहीतरी चटकन बोचलं, मधमाशी डसावी तसं. तिने हात लावून पाहिला. बोटावर रक्ताचा ठिपका आणि राखाडी शिशाची कणी आली. सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून शिसं बाहेर फेकलं जात होतं. उरलेल्या गोळ्या तिने काढून टाकल्या आणि घोडा अगदी हळू, अंगठ्यानं रेटत मागे ओढला. घोडा शेवटपर्यंत आला, पण सिलिंडर जागेवर पोचलंच नाही. केसभर अलीकडे राहिलं. ती कट्ट आवाजाची वाट पाहत राहिली. लहानपणापासून ओळखीचा आवाज होता तो. आला नाही.

बिघडवलं हिनं, नोरीनच्या मनात आलं, आणि तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला सहा आठवड्यांत वाटलं नव्हतं.

व्हर्ना परतली तेव्हा नोरीन टेबलापाशी उभी होती. रिव्हॉल्व्हर मधोमध ठेवलेलं होतं.

व्हर्नाने आधी रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं, मग तिच्या गालाकडे. "टॅग कुठाय?"

"कापला."

"तू कापलास?" व्हर्नाचा आवाज चढला. "अगं, वाढलीस ना तू इथं? टॅग लटकतोय म्हणजे काम चालू आहे. दोन्ही सिलिंडरमधून सहा-सहा गोळ्या झाडून बघितल्याशिवाय म्हातारा कुणाला टॅग कापू द्यायचा नाही. डोळा गेला असता म्हणजे?"

"त्यांना म्हातारा म्हणू नका."

"तो मला म्हातारीच म्हणायचा."

"मला त्यांच्याबद्दल तुमच्याकडून ऐकायचं नाहीये," नोरीन म्हणाली. तिचा आवाज वर्गात असतो तसाच शांत होता. "बघा तुम्ही काय केलंय ते. जुनं सिलिंडर जागेवर येत नाही. चाळीस वर्षं घड्याळासारखं चाललेलं हत्यार."

व्हर्नाने रिव्हॉल्व्हर रिकामं आहे ना ते पाहिलं. एक बोट सिलिंडरवर अलगद टेकवून घोडा सावकाश ओढला. एकदा, दोनदा, साही घरं फिरेपर्यंत. प्रत्येक वेळी तिचा चेहरा थोडा थोडा उतरत गेला. नंतर तिने जुनं काढून नवं सिलिंडर घातलं आणि तेच केलं. कट्ट. कट्ट. साही वेळा स्वच्छ.

"तुमचं मात्र छान चालतंय," नोरीन म्हणाली.

"हो."

"या कामाचा पहिला नियम मलासुद्धा माहीत आहे. मी इथं बसून शंभरदा ऐकलाय. आत सिलिंडर ढकलणारी पट्टी एकच असते आणि ती दोघांना चालायला हवी. नवं अडत असेल तर नव्याचे दाते घासायचे. पट्टीला कानस लावली की नवं बसतं आणि जुनं कायमचं मागे पडतं. हेच झालंय ना? पट्टी घासलीये ना?"

व्हर्नाने स्क्रू काढले, मूठ वेगळी केली, आतून नखाएवढी पोलादी पट्टी काढून हिरव्या कापडावर ठेवली.

"घासलीये," ती म्हणाली.

"कुणी?"

"माझ्याकडून झालं."

हे फार लवकर झालं. नोरीनने आणखी दहा वाक्यं जुळवून ठेवली होती, ती तशीच राहिली. "त्यांनी तुम्हाला स्वतःचं हत्यार दिलं," ती म्हणाली. "मला कानस दिली नाही कधी. आणि तुम्ही हे केलंत."

"नवी पट्टी बनवते मी. जुन्या सिलिंडरला बसेल अशी. मग माझं सिलिंडर तिच्याप्रमाणे घासून घेईन. तीन-चार दिवस लागतील."

"शनिवारपर्यंत करा. आणि शनिवारी तुमचं सामान घेऊन जा."

व्हर्नाने होकारार्थी मान हलवली. तेवढ्यात दार ढकलून गस हाल्व्हर्सन आत आला, चिखलाच्या बुटांसकट. "माझी शॉटगन झाली का गं, म्हातारे? की अजून तिला अंगाई गातेयस?" मग दोघींचे चेहरे पाहून त्याने हॅट काढली. "कोण मेलं आता?"

"उद्या ये, गस," व्हर्ना म्हणाली. "ये माझ्याबरोबर. बसची चावी आतच राहिली बघ, आणि टायरमधली हवा तुला दाखवायचीये."

ती दोघं बाहेर गेली. खिडकीतून नोरीनला दिसलं, गस काहीतरी विचारत होता आणि व्हर्ना नकारार्थी मान हलवत होती, पुन्हा पुन्हा.

नोरीनने पट्टी उचलली. व्हर्नाचा गुन्हा तिला डोळ्यांनी पाहायचा होता, पुढेमागे कुणी विचारलं तर सांगता यावा म्हणून. तिने व्हर्नाच्या एप्रनजवळचं मोठं भिंग घेतलं, दिवा पेटवला आणि टोकाशी वाकली.

कानशीच्या रेघा दिसत होत्या. त्या तिरप्या होत्या, उजवीकडून डावीकडे उतरणाऱ्या.

तिने नवं सिलिंडर दिव्याखाली धरलं. त्याच्या मागच्या दात्यांवर व्हर्नाच्या कानशीच्या रेघा होत्या, बारीक, एकसारख्या, शेतातल्या नांगराच्या तासांसारख्या. त्या सगळ्या दुसऱ्या अंगाला कललेल्या होत्या. नोरीनने पट्टी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. मग भिंतीवर टांगलेला बाबांनी घडवलेला मापाचा जुना गेज काढून त्याची कड पाहिली. डावीकडे उतरणाऱ्या रेघा. बाबांच्या सगळ्या कामांवर असायच्या तशा. त्यांच्या उजव्या अंगाला बसून तिने हा हात आठ वर्षं पाहिला होता.

फक्त गेजवरच्या रेघा एकसारख्या होत्या. पट्टीवरच्या एकमेकींवरून गेल्या होत्या, भरकटल्या होत्या, आणि एके ठिकाणी कानस घसरून कडेला खोल ओरखडा गेला होता.

दर रविवारी फोनवर ती विचारायची, "हात कसे आहेत बाबा?" आणि बाबा म्हणायचे, "दगड. दगडासारखे स्थिर आहेत."

व्हर्ना परत आली तेव्हा नोरीन फुलाफुलांच्या उशीवर बसली होती आणि भिंग अजून तिच्या हातात होतं. व्हर्नाने भिंग पाहिलं, पेटलेला दिवा पाहिला, आणि दार लावून घेतलं.

"खोटं का बोललात?" नोरीनने विचारलं.

"कुठं खोटं बोलले? माझ्याकडून झालं म्हणाले. माझ्यामुळेच झालं ते." व्हर्ना ओल्या पोत्यासारखी खुर्चीत बसली. "काम त्यानंच मला दिलं. म्हणाला, ज्याला ओरखडा पडला तर मला झोप येणार नाही, त्याच्यावर तुझी परीक्षा. मी अख्खा हिवाळा घेतला. एक दाता घासायचा, बसवायचं, बघायचं, काढायचं. तो तिथं बसून बघत राहायचा. पहिले पहिले ओरडायचा. मग ओरडायचा बंद झाला. नोरीन, मी चांगलं काम करत होते. तेच त्याला बघवेना."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? जळायला लागला माझ्यावर! कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरायचा तो, तरी बशीत सांडायची. आणि मी त्याच्यासमोर त्याच्याच रिव्हॉल्व्हरवर कानस चालवतेय, सरळ. एके दिवशी मी दुपारची बस घेऊन गेले. दोन दाते राहिले होते माझे, फक्त दोन. परत आले तर याने हत्यार उघडून पट्टी टेबलावरच्या शिकंज्यात धरलेली. घासून मोकळा झाला होता. म्हणाला, बघ, बसलं. तुला चार महिने लागले, मला वीस मिनिटं." व्हर्नाने नाक ओढलं. "पन्नास वर्षं दुसऱ्यांना ज्याच्यासाठी शिव्या घातल्या, नेमकं तेच केलं यानं. मग त्यानं जुनं सिलिंडर घातलं आणि घोडा ओढला. कळलं त्याला. ऐकू आलं ना त्याला, कट्ट झालं नाही ते."

नोरीनला तो बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर आणता येईना. ती प्रयत्न करत राहिली. दुसऱ्याच्या हाताकडे पाहून जळणारा बाप तिला चांगला ओळखू येत होता. सकाळपासून ती स्वतः तेच करत होती. पण त्यानंतरचा, ते कळल्यानंतरचा बाप? तो तिने कधी पाहिलाच नव्हता. तिला त्यांनी तो दाखवला नव्हता. दर रविवारी फोनवर दगड दाखवला होता.

"नीट का केलं नाहीत मग? इतके दिवस?"

"त्यानं फ्लॅनेलमध्ये गुंडाळून ठेवलं. म्हणाला, मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही. टॅग होता ना त्याला. सांगितलं नाही त्यानं."

"आणि मला म्हणालात तुमच्याकडून झालं."

"तुझ्या बापानं स्वतःचं हत्यार बिघडवलं असं सांगू का तुला? सहा आठवड्यांत?" व्हर्ना चिडली. "तुला दोष द्यायला कुणीतरी हवंच होतं. मी बरी सापडले."

हे खरं होतं आणि नोरीनने ते नाकारलं नाही. बाहेर गसची पिकअप खडखडत निघून गेली.

"त्या दिवशी," नोरीन म्हणाली, "कळल्यावर. काही म्हणाले का ते?"

"म्हणाला."

"काय?"

व्हर्ना उठली. पोलादाच्या डब्यातून एक कोरा तुकडा निवडून तिने हिरव्या कापडावर ठेवला, जुन्या पट्टीच्या शेजारी. मापं घ्यायला जुनी पट्टी उचलली, मापं घेतली, पेन्सिलीनं लिहिली. मग ती पट्टी हातातच राहिली.

"नवी बसवल्यावर ही काही कामाची नाही," ती म्हणाली. "मी आजवर काही मागितलं नाही तुझ्याकडे. ही मला ठेवू दे."

"नाही," नोरीन म्हणाली. विचार करायच्या आधीच तोंडून गेलं. "ती माझी."

"त्याची सगळ्यात वाईट कामगिरी आहे ती."

"म्हणूनच. बाकीची सगळी तुम्ही पाहिलीत."

व्हर्नाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग मूठ उघडून पट्टी तिच्या तळहातावर ठेवली. ती अजून गरम होती, व्हर्नाच्या हातानं. नोरीनने बोटं मिटली.

"आता सांगा. काय म्हणाले ते?"

"ते नाही सांगणार."

"व्हर्ना."

"पट्टी तू घेतलीस ना? ते माझ्यापाशी राहू दे. तुझ्याकडे चाळीस वर्षं आहेत गं त्याची. माझ्याकडे चार." तिने कोरा तुकडा शिकंज्यात आवळला, कानशीवर बोट फिरवून तिची धार पाहिली. "आणि रागावलीस तरी चालेल. तुझ्या बापाची सवय आहे मला."

नोरीनला राग आलाच. सकाळी आला होता तसाच, किंवा त्याहून मोठा, कारण आता त्याला बोट दाखवायला जागा उरली नव्हती. आपल्या बापाचं एक वाक्य जगात आहे आणि ते या बाईच्या डोक्यात आहे. शाळेच्या मुलांना घरोघर सोडताना, किराणा घेताना, गसशी चेष्टा करताना ते हिच्याबरोबर फिरतं. मुठीतली पट्टी तिने इतकी आवळली की कडेचा ओरखडा तळहाताला रुतला.

व्हर्नाने पहिला हात मारला. पोलादाचा बारीक चुरा कापडावर पडला. दुसरा हात, तिसरा. सरळ, एकाच अंगाला.

नोरीन उठून गेली नाही. ती पुन्हा विचारणार होती. उद्या विचारणार होती, परवा विचारणार होती, शनिवार उलटून गेल्यावरही विचारणार होती. व्हर्ना सांगणार नव्हती. कानस चालू राहिली आणि मान वर न करता व्हर्ना म्हणाली, "बसणार असशील तर माझ्या उजेडाच्या आड येऊ नकोस. थोडी सरक."

नोरीन सरकली.